लाल-हिरव्या पट्टीच्या नोंदी

५ जुलै २०२५

आजपासून सुरुवात. दोन महिने नुसतं डोक्यात घोळत होतं, आज विणकामाच्या क्लासमधून आल्यावर टाके घातले एकदाचे. कल्पना माझी नाही हे आधीच लिहून ठेवते. २०१९ मध्ये कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरात स्यू माँटगोमेरी नावाच्या नगरसेविका कौन्सिलच्या मीटिंगमध्ये बसून विणायच्या, पुरुष बोलत असला की लाल लोकर आणि बाई बोलत असली की हिरवी. त्या सभागृहात तेव्हा ३१ बायका आणि ३४ पुरुष होते, म्हणजे जवळपास बरोबरीच, पण पट्टी बघितली तर लालच लाल आणि मध्ये कुठेतरी हिरव्याच्या बारीक रेघा. तो फोटो बघितला आणि मनातून जाईचना. इतकं साधं आणि इतकं स्पष्ट.

माझ्याकडे सभागृह नाही, टीव्ही आहे. रोज रात्री मी एक मालिका बघते, राजकीय घराण्याची गोष्ट आहे, सोमवार ते शनिवार. तेव्हा हातात विणकाम असतंच. मग हेच मोजू म्हटलं, कोण किती बोलतं ते.

सामान: ४ एमएमच्या सुया, हिरवी लोकर नवीन, लाल लोकर ह्यांच्या जुन्या स्वेटरची. कोपरं विरली होती म्हणून तो स्वेटर पडूनच होता, बावीस वर्षांपूर्वी मीच विणलेला. उसवला, लड्या करून धुतल्या, वाळवल्या, वळ्या बऱ्यापैकी गेल्यात. २४ टाके. सगळ्या ओळी सुलट, कारण कडा गुंडाळत नाही आणि दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं.

७ जुलै

पहिला प्रयत्न फसला. पात्र बदललं की रंग बदलायचा असं ठरवलेलं, पण मालिकेत माणसं एकेक वाक्य बोलतात आणि माझी एक ओळ व्हायला मिनिटभर लागतं, तोपर्यंत चार जण बोलून झालेले असतात. मग मी ओळीच्या मध्येच रंग बदलायला लागले तर दोन्ही गुंडे एकमेकांत असे गुंतले की अर्धा एपिसोड गुंता सोडवण्यातच गेला, आणि जिथे रंग बदलताना धागे एकमेकांवरून फिरवायचे राहिले तिथे भोकं पडली. तेवढं उसवलं.

१२ जुलै

क्लासमध्ये ताईंना दाखवलं. शिकवायला त्या फार शांत आहेत, कुणाचं काम हातातून ओढून घेत नाहीत, आधी नीट बघतात आणि मगच बोलतात. म्हणाल्या, "अगं, बोलणाऱ्याच्या मागे धावू नकोस, घड्याळाच्या मागे जा." म्हणजे दोन मिनिटांचा एक भाग धरायचा, त्यात जो जास्त बोलला त्याचा रंग, आणि त्या दोन मिनिटांत दोन ओळी, एक जाताना एक येताना. दोन सुलट ओळींचा मिळून एक उंच कंगोरा दिसतो, तोच आपलं माप. जाहिराती सोडून एपिसोड बावीस मिनिटांचा, म्हणजे अकरा कंगोरे. आणि रंग नेहमी उजव्या कडेलाच बदलायचा, म्हणजे सुलट बाजूवर रेघ स्वच्छ येते.

घरी येऊन परत २४ टाके घातले. मोबाईलवर टायमर, कागदावर काड्या मारायच्या आणि विणायचं, तिन्ही एकदम. आठवडाभराचे एपिसोड साठवून ठेवलेत, पहिल्यापासून परत बघणार.

१६ जुलै

सहा एपिसोड झाले, ६६ कंगोरे. हिरवे ४१, लाल २५!

खरं सांगते, मला खूप आनंद झाला. आमच्या मालिकेत बायका जास्त बोलतात. सून, सासू, नणंद, ती वकील मुलगी, सगळ्या बोलतात. पट्टी इतकी हिरवीगार दिसत होती की मी ती खिडकीपाशी नेऊन फोटो काढला.

रात्री झोप येईना म्हणून कागदावरच्या काड्या परत बघत बसले. मी प्रत्येक काडीशेजारी प्रसंग एका शब्दात लिहिलेला, ओळखू यावा म्हणून. लग्न, लग्न, संशय, आजारपण, लग्न, तिकीट, भांडण, पैसे. जिथे तिकीट, पैसे, मतं, पक्ष, कोर्ट असं काही लिहिलंय त्या काड्या वेगळ्या काढल्या. १४ निघाल्या. त्यातल्या हिरव्या दोन.

म्हणजे बोलतात भरपूर, पण उमेदवार कोण हे ठरत असताना त्या खोलीत नसतात, किंवा दारात उभ्या असतात. एका प्रसंगात सासू दाराच्या चौकटीला हात लावून उभी आहे, सगळं ऐकते, तीस वर्षं तिने त्या घरातलं राजकारण आतून बघितलंय, तिला एकूण एक माणूस माहीत आहे, आणि कॅमेरा तिच्यावर तीनदा जातो पण तिला एकही वाक्य नाही. ती नटी काय कमाल आहे हो, नुसत्या डोळ्यांनी सांगते की हा निर्णय चुकतोय. पण माझ्या नियमात डोळ्यांना रंग नाही. ती जागा लालच विणली मी. फार वाईट वाटलं.

१९ जुलै

नवीन नियम. राजकारणाचा विषय असेल तर परतीची ओळ उलट टाक्यांनी विणायची. म्हणजे तेवढी पट्टी गुळगुळीत येते, बाकी सगळं खरखरीत. हात फिरवला की डोळे मिटूनही कळतं सत्तेची गोष्ट कुठे चाललीय. ताईंनी स्वतः बोट फिरवून बघितलं आणि मान हलवली.

क्लासमध्ये मालिकांचा विषय निघाला तर आमच्यातली सगळ्यात लहान मुलगी डेन्मार्कच्या एका मालिकेबद्दल सांगायला लागली, फोरब्रिडेल्सेन, २००७ ची, इंग्रजीत द किलिंग म्हणून ओळखतात. त्यात तपास करणारी पोलीस अधिकारी बाई एकच विणलेला स्वेटर घालून फिरते, फेरो बेटांवरचा, पांढऱ्यावर काळं बारीक नक्षीकाम. लोकांना तो इतका आवडला की तसाच स्वेटर मिळावा म्हणून मागणी आली, तो बनवणाऱ्या त्या छोट्या बेटांवरच्या बायकांचं काम जगभर पोचलं. आणि त्या मालिकेत खुनाच्या तपासाबरोबर कोपनहेगनच्या महापौरपदाची निवडणूकही चालू असते. राजकारण, मालिका आणि लोकर एकाच ठिकाणी! मला वाटत होतं मीच काहीतरी विचित्र एकत्र करतेय.

तो स्वेटर मला एवढ्यासाठी महत्त्वाचा वाटतो की पडद्यावरची बाई कामाला निघताना कामाचे कपडे घालून निघते, कोणी बघावं म्हणून नाही. आमच्या मालिकेत सून कोर्टात जाते तेव्हाही दागिने घालून जाते.

२३ जुलै

आज मालिका बाजूला ठेवून बातम्यांच्या चॅनेलवरची डिबेट विणली. चाळीस मिनिटं, वीस कंगोरे, सगळे गुळगुळीत कारण विषय राजकारणच. ह्यांना सांगितलं तुम्ही टायमर सांभाळा. हे रोज ही डिबेट बघतात, मी आत असते नाहीतर विणत असते, कधी मत दिलं नाही. दोघांनी मिळून पहिल्यांदाच काहीतरी बघितलं असं आज वाटलं.

हिरवे सहा निघाले. त्यातले पाच अँकरचे, कारण अँकर बाई होती. ती प्रश्न विचारते, प्रश्न संपायच्या आत दोघं तिघं तुटून पडतात. पाहुण्यांमध्ये एकच बाई, अभ्यास करून आलेली, समोर कागद, तिला मिळाला एक कंगोरा. एकदा तिने वाक्य सुरू केलं ते मी मोजलं, चार वेळा परत परत सुरू केलं आणि पूर्ण करू दिलं नाही.

हे बराच वेळ पट्टीकडे बघत होते. म्हणाले, "मी रोज बघतो, मला कसं दिसलं नाही?" मी काही बोलले नाही. मलाही कुठे दिसलं होतं इतकी वर्षं.

२६ जुलै

प्रकल्पाच्या बाहेरचा एक नमुना. जगातल्या सगळ्या संसदा एकत्र धरल्या तर १९९५ मध्ये बायकांचं प्रमाण ११.३ टक्के होतं आणि २०२५ मध्ये साधारण २७ टक्के. आकडा नुसता वाचला की डोक्यात राहत नाही. म्हणून १०० टाके घातले, खालच्या भागात ११ हिरवे ८९ लाल, वरच्या भागात २७ हिरवे ७३ लाल, मध्ये धागे नीट फिरवून, ह्यावेळी एकही भोक नाही. तीस वर्षांत हिरवा कोपरा १६ टाके सरकला. क्लासमध्ये सगळ्यांनी बोटाने टाके मोजले. एक आजी येतात, ऐंशीच्या पुढच्या, कमी बोलतात, त्यांनी अकराव्या टाक्यावर बोट ठेवून सत्ताविसाव्यापर्यंत सावकाश नेलं आणि म्हणाल्या, "सरकलंय की." माझं लक्ष सारखं उरलेल्या लालवर होतं, त्यांनी सरकलेलं बघितलं.

३१ जुलै

मोठी अडचण आली, दोन दिवस पट्टी थांबलीय.

मालिकेत सासऱ्यांना कोर्टाने निवडणूक लढवायला बंदी घातली, मग सुनेला उभं केलं. आणि परवाच्या एपिसोडमध्ये तिचं पहिलं भाषण. चांगली पाच मिनिटं एकटी बोलते, गर्दी, टाळ्या, पार्श्वसंगीत. नियमाप्रमाणे सलग दोन हिरवे गुळगुळीत कंगोरे यायला हवेत, आत्तापर्यंतचे सगळ्यात भरघोस. पण ते भाषण सासऱ्यांनी लिहिलेलं आहे, आदल्या एपिसोडमध्ये आपण त्यांना लिहिताना बघितलंय, आणि ती वाचत असताना कॅमेरा सासऱ्यांच्या ओठांवर आहे, ते तिच्याबरोबर शब्द न् शब्द पुटपुटतायत. तिच्या हातातला कागद थरथरत होता, एका ओळीवर ती थांबली, ती ओळ तिच्या माहेरच्या माणसांच्या विरोधात जाणारी होती, एक श्वास घेतला, आणि वाचली.

आता हे कोण बोललं? आवाज तिचा. शब्द त्यांचे. हिरवं विणलं तर खोटं होईल. लाल विणलं तर ती तिथे उभी राहिली, लोकांसमोर गेली, घाबरली आणि तरी गेली, ते सगळं पुसलं जाईल.

ह्यांना विचारलं तर म्हणाले लाल. फोनवर मुलीला विचारलं, ती ठामपणे म्हणाली हिरवं, "आई, मोठमोठ्या पुरुष नेत्यांचीही भाषणं दुसरं कुणीतरी लिहितं, त्यांचा रंग कोणी बदलत नाही." हे मला पटलं, खूप पटलं. पण पुरुष नेता लिहून देणाऱ्याला काढून टाकू शकतो. ही सून सासऱ्यांना काय काढणार?

२ ऑगस्ट

क्लासमध्ये अर्धा तास ह्यावर चर्चा झाली, कोणाच्या सुया चालत नव्हत्या. शेवटी उत्तर ताईंनी दिलं आणि तेसुद्धा विणकामातून.

आपण रंग नेहमी सुलट बाजूने बदलतो, का? कारण उलट बाजूवर बघ, जिथे रंग बदलला तिथे स्वच्छ रेघ नसते, लाल-हिरवे ठिपके एकात एक अडकलेले दिसतात. नवशिक्यांनी चुकून परतीच्या ओळीला रंग बदलला की हे ठिपके पुढच्या बाजूला येतात, मग आम्ही म्हणतो उसव. ताई म्हणाल्या, "तुझ्या सुनेसाठी मुद्दाम तसं कर. जाताना लाल, येताना हिरवी. समोर ठिपके येऊ देत."

तिथेच बसून केलं. हिरवा धागा असतो उजव्या कडेला आणि हवा डाव्या कडेला, त्यामुळे हिरव्याचा वेगळा तुकडा जोडावा लागतो, दरवेळी दोन टोकं जास्त लोंबतात, ती नंतर सुईने आत ओवायची. परतीची ओळ सुलटच विणायची, नाहीतर ठिपके येत नाहीत, म्हणजे ही ओळ गुळगुळीत होणार नाही, चालेल, ठिपक्यांवरूनच कळेल विषय काय होता. ओळ पूर्ण करून काम फिरवलं तर हिरव्याच्या पोटातून लाल थेंब वर आलेले, चोवीसच्या चोवीस. सगळ्या वाकून बघत होत्या. आजी म्हणाल्या, "हे तर माझं सगळं आयुष्य आहे गं." त्यानंतर कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

९ ऑगस्ट

आज तारीख बघून आठवलं. २०१४ मध्ये ह्याच दिवशी, नागासाकीवर बाँब पडला तो दिवस म्हणून, इंग्लंडमध्ये लोकांनी सात मैल लांबीचा गुलाबी स्कार्फ पसरला होता, ऑल्डरमास्टन आणि बर्गफिल्ड ह्या अण्वस्त्रांच्या दोन ठिकाणांच्या मध्ये. गावोगावच्या लोकांनी तुकडे विणून पाठवले, तिथे जोडले, आणि नंतर वेगळे करून त्याची पांघरुणं केली. मला ते पांघरुणांचं जास्त आवडतं.

विणणाऱ्या बायका आणि राजकारण म्हटलं की लोकांना फ्रेंच राज्यक्रांतीतल्या गिलोटिनपाशी विणत बसलेल्या बायकाच आठवतात, क्रूर म्हणून. पण ह्यातल्याच बायका ५ ऑक्टोबर १७८९ ला पॅरिसहून व्हर्सायपर्यंत चालत गेल्या आणि राजाला शहरात घेऊन आल्या. त्या सभागृहाच्या गॅलरीत बसायच्या, ओरडून मत द्यायच्या, त्यांचे स्वतःचे क्लब होते. ३० ऑक्टोबर १७९३ ला बायकांच्या राजकीय क्लबवर बंदी आली. बोलायची जागा काढून घेतली आणि मग चित्रात फक्त विणकाम उरलं. क्लासमध्ये हे सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता, मला नंतर कळलं. तीन वर्षं ह्या क्लासला येतेय, इतकं सलग कधी बोलले नव्हते.

१४ ऑगस्ट

आज विणलं नाही. जुनं कपाट आवरताना माझ्या नोकरीतल्या वह्या सापडल्या. ऑफिसच्या एका कमिटीवर मी अकरा वर्षं होते, मिनिट्स लिहायचं काम माझ्याकडे, अक्षर चांगलं म्हणून. पानंच्या पानं वाचली. अमुक साहेबांनी असं सुचवलं, तमुकांनी अनुमोदन दिलं. सगळं माझ्या अक्षरात. माझं नाव फक्त उपस्थितांच्या यादीत.

मला पक्कं आठवतं, पाळणाघराचा विषय मी काढला होता. मीच. वहीत लिहिलंय "चर्चेत पाळणाघराचा मुद्दा आला." कोणी मला तसं लिहायला सांगितलं नव्हतं. पाळणाघर झालं, माझी मुलगी तिथे वाढली, आणि तो मुद्दा वहीत आपोआप आला.

ती वही पट्टीच्या पिशवीत ठेवलीय.

२३ ऑगस्ट

टाका सुटला, आणि तो थेट नऊ ओळी खाली उतरला, नेमका भाषणाच्या ठिपक्यांमधून. क्रोशाच्या सुईने उचलताना प्रत्येक पायरीला बघावं लागतं की आधीचा टाका पुढून होता की मागून. ताई शेजारी बसून नुसत्या बघत होत्या, सांगत नव्हत्या. वीस मिनिटं लागली. जमलं.

आकडे लिहून ठेवते. ३९ एपिसोड, ४२९ कंगोरे. हिरवे २४१, लाल १७१, ठिपक्यांचे १७. गुळगुळीत ९२, त्यातले हिरवे २१. पट्टी दोन मीटर झाली.

शेवटच्या दहा एपिसोडमध्ये एक फरक आहे. सून आता ठिपक्यांतच बोलते असं नाही, मध्येमध्ये एखादा निखळ हिरवा गुळगुळीत येतो. काल एका छोट्या सभेत तिने कागद घडी करून ठेवला आणि समोरच्या बायकांना विचारलं, तुम्हीच सांगा. मग त्या बोलल्या, एकामागून एक, आणि ती ऐकत होती. मी टायमर पॉज करायला विसरले. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला किंवा तिला मला भेटायला आवडेल.

३० ऑगस्ट

लाल लोकर संपली.

सोमवारी मालिकेतला निकालाचा एपिसोड आहे आणि आज रात्रीच्या एपिसोडच्या सातव्या कंगोऱ्यात, जाण्याची ओळ झाली आणि धागा हातातून निसटला, पुढे काही नाही. नवीन लाल आणून चालत नाही, लावून बघितली, बावीस वर्षं अंगावर फिकट झालेला रंग आणि दुकानातला रंग, लगेच वेगळी रेघ दिसते, आणि बघणाऱ्याला वाटेल मी कोणीतरी नवीन माणूस दाखवतेय.

हे कपाटात काहीतरी शोधत होते. त्याच वेळची टोपी घेऊन आले, त्याच लोकरीची, उरलेल्यातून केली होती मी तेव्हा, ते हिवाळ्यात पहाटे फिरायला जाताना घालायचे. मी म्हटलं, "अहो, ती राहू दे." म्हणाले, "मी उसवतो, तू टाके सांभाळ." त्यांना शेवट कुठे सापडतो ते दाखवलं, मग ते उसवत होते आणि मी खुर्चीच्या पाठीवर लडी गुंडाळत होते. टोपीच्या टोकापासून सुरुवात केली तर कडेपर्यंत यायला पाऊण तास लागला.

लडी चार ठिकाणी बांधून कोमट पाण्यात घातलीय. वळ्या जाऊन वाळायला सोमवार दुपार होईल. तोपर्यंत २४ टाके पांढऱ्या दोऱ्यावर घेऊन ठेवलेत, दोन्ही टोकांना गाठ मारून. राहिलेले चार कंगोरे कागदावर काड्या मारून ठेवलेत. सोमवारसाठी हिरव्याचा वेगळा तुकडाही कापून ठेवलाय, लागलाच तर.